ब्रास बँडची रेकॉर्ड ऐकताना सुरावटीच्या खाली काय चाललेलं असतं

मार्च आणि लोकधुनांची ब्रास बँडची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: छान आहे, पण सगळं सारखंच वाटतं. तीन-तीन मिनिटांचे तुकडे, सगळ्यांत तोच पितळी आवाज, तोच दोन मात्रांचा ठेका. चौथ्या तुकड्याला लक्ष उडतं. तक्रार चुकीची म्हणता येणार नाही, कारण नुसती वरची चाल ऐकली तर खरंच फार काही वेगळं घडत नाही. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखी दिसणारी आखूड वाद्यं, चाल वाजवतात, ती आपल्या लगेच लक्षात राहते आणि दुसऱ्यांदा आली की पुढचं सगळं ओळखीचं होतं. या संगीतातली खरी मेहनत मधल्या आणि खालच्या थरांत असते. कान तिकडे वळवला की तीच रेकॉर्ड दाट वाटायला लागते. तो वळवायचा कसा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी कोण वाजवतंय ते पाहू. ब्रास बँड म्हणजे इथे इंग्लंडचा, मुख्यतः उत्तरेकडच्या गिरण्या आणि कोळसा खाणींच्या गावांत एकोणिसाव्या शतकात वाढलेला प्रकार. लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन असतात. इथे फुंकून वाजवायचं म्हणजे फक्त पितळ. वादक पंचवीस, शिवाय दोन-चार तालवाद्यवाले. दहा कॉर्नेट, त्यांतला एक छोटा, चढ्या पट्टीचा सोप्रानो. एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि तळाशी चार बास, म्हणजे ट्यूबा. ही रचना स्पर्धांमुळे पक्की झाली. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत 1853 साली मोठी स्पर्धा सुरू झाली आणि ती परंपरा आजही चालू आहे. स्पर्धेत परीक्षकाला बँड दिसू नये म्हणून त्याला तंबूत किंवा पडद्याआड बसवतात. म्हणजे या संगीताचा निकाल दीडशेहून जास्त वर्षं नुसत्या कानांनीच लागत आलाय. रेकॉर्ड ऐकणारा नेमका त्याच जागी बसलेला असतो.

या वाद्यांच्या पट्ट्या पेटीवाल्या माणसाला चटकन कळतील. कॉर्नेट, फ्लूगल, बॅरिटोन, युफोनियम ही सगळी काळी पाचची वाद्यं; सोप्रानो कॉर्नेट आणि टेनर हॉर्न काळी दोनची. बासही दोन काळी दोनचे आणि दोन काळी पाचचे. गंमत म्हणजे बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्यांचं नोटेशन एकाच पद्धतीनं लिहितात. वाद्य हातभर असो वा माणसाएवढं, कागदावर 'सा' दिसला की बोटं तीच पडतात. दिवसभर गिरणीत राबून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसाला आज कॉर्नेट आणि पुढच्या वर्षी, गरज पडली तर, टेनर हॉर्न धरता यायचा तो यामुळे. व्यवहारी सोय होती, पण तिचा आवाजावरही परिणाम झाला. वादक वाद्यं बदलत राहिले आणि सगळ्यांच्या फुंकण्यात एक घराणं तयार झालं.

आवाज एकजीव वाटण्याचं त्याहून मोठं कारण नळीच्या आकारात आहे. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच लांबीपर्यंत एकसारख्या जाडीची असते आणि शेवटी एकदम फाकते. कॉर्नेट, टेनर हॉर्न, युफोनियम, बास यांच्या नळ्या हळूहळू रुंदावत जातात. अडॉल्फ सॅक्सनं 1840च्या दशकात पॅरिसमध्ये याच धर्तीवर लहान-मोठ्या वाद्यांचं एक कुटुंबच बनवलं होतं आणि आजचे टेनर हॉर्न-बॅरिटोन त्याच वंशातले. निमुळत्या नळीचा आवाज गोल आणि मऊ येतो. सरळ नळीत जोरात फुंकलं, तर हवेतल्या दाबाची लाट पुढे सरकताना उभट होत जाते आणि आवाजाला धार चढते. ट्रॉम्बोन फार जोरात वाजवला, तर नळीच्या आत चक्क आघातलहर तयार होते, हे 1996 साली संशोधकांनी मोजून दाखवलंय. ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट घेत नाहीत. सरळ नळीवाले फक्त तीन ट्रॉम्बोन. म्हणून मार्चमध्ये बाकीचा बँड जोरात वाजत असतानाही ट्रॉम्बोन शिरले की आवाजात एकदम रेघ ओढल्यासारखी जाणवते. चांगला संगीतकार ही रेघ जपून वापरतो. ती कुठे येते आणि कुठे मुद्दाम टाळली आहे, हे पहिल्याच ऐकण्यात टिपता येतं.

आता थोडं गणित, पण करमणुकीचं. पितळी नळीत ओठ फडफडवून फुंकलं की हवे ते सगळे स्वर येत नाहीत. नळीच्या लांबीनुसार एक ठरावीक शिडी मिळते: खालचा सा, वरचा सा, प, पुन्हा सा, ग, प, मग किंचित उतरलेला कोमल नी, आणि पुन्हा सा. ओठ जितके आवळाल तितकी वरची पायरी. बिगुलवर एवढंच वाजतं, म्हणून बिगुलच्या सगळ्या धुना एकमेकींच्या बहिणी वाटतात. मधले स्वर मिळवायचे तर नळी लांब करायला हवी. व्हॉल्व्ह तेच करतो: दाबला की हवा एका जादा वळशातून फिरून येते. दुसरा व्हॉल्व्ह स्वर पेटीच्या एका पट्टीनं उतरवतो, पहिला दोन पट्ट्यांनी, तिसरा तीन. तिन्ही दाबले की सहा पट्ट्या. अशा तीन बोटांत सगळे स्वर येतात.

पण इथे एक जुनी अडचण लपलेली आहे. एक पट्टी खाली जायला नळी सुमारे सहा टक्के लांब व्हावी लागते. पण सहा टक्के कशाचे, हा प्रश्न उरतो. कॉर्नेटची नळी साधारण 140 सेंटीमीटर, म्हणून दुसऱ्या व्हॉल्व्हचा वळसा आठेक सेंटीमीटरचा. पण तिसरा आधीच दाबला असेल तर नळी लांब झालेली असते, आणि मग त्या लांब नळीच्या सहा टक्क्यांना आठ सेंटीमीटर पुरत नाहीत. तिन्ही व्हॉल्व्ह एकदम दाबले की गरज 41 टक्क्यांची असते आणि वळसे मिळून भरतात सुमारे 37. कॉर्नेटमध्ये ही तूट सहा सेंटीमीटरची. काळी पाचच्या मोठ्या बासची नळी साडेपाच मीटरच्या आसपास, तिथे तूट होते वीतभर. स्वर जवळजवळ अर्धी पट्टी चढा लागतो. एवढा बेसूर खर्ज खाली असेल, तर वरच्या एकवीस जणांनी कितीही सुरात वाजवून काही उपयोग नाही.

डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 साली यावर तोड काढली: तिसरा व्हॉल्व्ह दाबलेला असताना हवा आणखी छोट्या जादा वळशांतून फिरवून आणायची, म्हणजे तूट आपोआप भरते. आजही उत्तम युफोनियम आणि बासमध्ये ही व्यवस्था असते. कॉर्नेटवाला मात्र बोटानं एक छोटी सरकनळी ढकलून किंवा ओठांनी स्वर खेचून काम भागवतो. ट्रॉम्बोनला हा त्रास नाही. हात पाहिजे तिथे थांबवता येतो. रेकॉर्ड ऐकताना यातलं काही आठवावं लागत नाही. फक्त एक करून पाहा: तुकडा संपताना शेवटचा लांब स्वर येतो, तेव्हा चाल सोडून तळाच्या बासकडे कान द्या. खर्ज सुरात बसला असेल तर वरचे स्वर न वाजवताही ऐकू आल्यासारखे वाटतात, तंबोरा जुळल्यावर गंधार बोलतो तसे. ते झालं की बँड पहिल्या प्रतीचा समजायला हरकत नाही.

मार्चकडे वळू. हे पायांसाठी लिहिलेलं संगीत. मिनिटाला साधारण 116 ते 120 पावलं, मात्रा दोन: डावा, उजवा. काही मार्च प्रत्येक पावलाचे तीन भाग करतात. ऐकायला ते दादऱ्याजवळचे वाटतात, झुलतात, पण पाय दोनच पडतात. पावलावर बास वाजतो आणि दोन पावलांच्या मधल्या रिकाम्या जागेत टेनर हॉर्न आणि खालचे कॉर्नेट 'च्चा' भरतात. हे मधलं 'च्चा' म्हणजे माझ्या मते संपूर्ण बँडमधलं सर्वांत कृतघ्न काम. टेनर हॉर्नवाला पानंच्या पानं तेच वाजवतो, त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि तो केसभर मागे पडला की सगळा मार्च चिखलातून चालल्यासारखा होतो. बासचीही वेगळी पंचाईत. लांब नळीत स्वर उमटायला किंचित वेळ लागतो, म्हणून त्याला मात्रेच्या जरा आधीच मनाची तयारी करावी लागते. एखादी मार्चची रेकॉर्ड एकदा पूर्णपणे फक्त हे 'च्चा' ऐकत संपवा. चाल आपोआप ऐकू येतेच, तिला लक्ष द्यायची गरज नसते.

मार्चची रचना एकदा कळली की ती सगळीकडे दिसते. सुरुवातीला चार-आठ मात्रांची हाळी. मग पहिला भाग, जो बहुधा दोनदा येतो. त्यानंतर ब्रिटिश मार्चमध्ये हमखास बासचा भाग: चाल तळाला जाते, बास, युफोनियम आणि ट्रॉम्बोन ती खणखणीत वाजवतात आणि वरचे कॉर्नेट नुसते झटके देतात. सवय नसलेल्या माणसाला इथे चाल हरवल्यासारखं वाटतं. त्यानंतर ट्रायो. इथे आवाज एकदम खाली येतो आणि षड्ज बदलतो: मूळ मध्यमच आता सा धरला जातो. ठुमरीत मध्यमाला सा करून गाणारे ऐकले असतील, त्यांना हा बदल लगेच जाणवेल. जमीन तीच असते, फक्त आपण दुसऱ्या ठिकाणी बसतो. ट्रायोमध्ये युफोनियम चालीच्या खालून दुसरीच एक चाल वाजवतो. वरची चाल लांब स्वरावर थांबली की हा हलतो, ती हलली की हा थांबतो. मला विचाराल तर निम्म्या मार्चमधली सर्वांत सुंदर चाल ही दुसरी चाल असते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लोकांचं लक्ष असतं.

ट्रायोनंतर कुठे जायचं, यावरून दोन वळणं दिसतात. ब्रिटिश मार्च पुष्कळदा सुरुवातीला परत जातो आणि मूळ षड्जावर संपतो. अमेरिकेत जॉन फिलिप सूझा यांनी परतीचा रस्ता बंद केला. त्यांचा मार्च ट्रायोच्या नव्या षड्जावरच वाढत जातो. मध्ये एक भांडखोर, आदळआपट करणारा तुकडा येतो आणि मग ट्रायोची तीच चाल सगळा बँड मिळून गर्जून वाजवतो. 1896 सालचा 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर' याचा नमुना. ब्रिटिश बाजूला विल्यम रिमर (1862–1936) आणि जॉर्ज ॲलन (1864–1930) ही नावं रेकॉर्डवर दिसली की समजावं, यात बासवाल्यांना घाम फुटणार आहे. त्यांचे कित्येक मार्च चालण्यापेक्षा स्पर्धेसाठी जास्त शोभतात. मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागातल्या गावांत व्हिट फ्रायडेच्या, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारच्या, संध्याकाळी बँड बसमधून गावोगाव फिरतात, रस्त्यानं एक सोपा मार्च वाजवत येतात आणि परीक्षकासमोर थांबून असा एखादा अवघड वाजवतात.

लोकधुनांचा मामला उलटा आहे, आणि एकाच रेकॉर्डवर दोन्ही असतात ते ऐकणाऱ्याच्या भाग्यानं. मार्चमध्ये पाय मोजतात. लोकगीतात एका माणसाचा श्वास मोजतो. इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाणी गोळा करण्याची लाट आली. सेसिल शार्प यांनी 1903 मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका माळ्याच्या तोंडून 'द सीड्स ऑफ लव्ह' ऐकलं आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं. पर्सी ग्रेंजर 1906 साली लिंकनशरमध्ये फोनोग्राफ घेऊन हिंडले आणि मेणाच्या नळकांड्यांवर गाणी उतरवून घेतली. कागदावर लिहून घेणाऱ्याला जे निसटायचं ते यंत्रानं पकडलं: जोसेफ टेलर नावाचा वृद्ध गायक एखादा स्वर कसा लांबवतो, कुठे मात्रा खातो, दुसऱ्या कडव्यात तीच ओळ किती वेगळी म्हणतो. पुढे 1937 मध्ये ग्रेंजर यांनी बँडसाठी 'लिंकनशर पोझी' रचली, तेव्हा त्यांनी त्या गायकांची ओढाताण तशीच ठेवली. मात्रांची संख्या ओळीओळीला बदलते. ती रचना मुळात क्लॅरिनेटवगैरे असलेल्या बँडसाठी आहे, पण लोकधून बँडवर आणताना काय वाचवायचं असतं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतं.

ब्रास बँडवर लोकधून आली की मी दोन गोष्टी पाहतो. पहिली निषादाची. यातल्या बऱ्याच धुना पाश्चात्त्य मेजर-मायनरमध्ये बसत नाहीत. काहींचे स्वर आपल्या काफी थाटाचे, काहींचे खमाजचे. म्हणजे नी कोमल. पण पाश्चात्त्य स्वरसंवादाला शेवटी शुद्ध नीवरून सा गाठायची फार सवय. त्यामुळे संयोजनकार आळशी असेल, तर ओळीच्या शेवटी मधल्या वाद्यांत गुपचूप शुद्ध नी घुसडतो. चाल तीच राहते, पण खालचा रंग बदलून धून शाळेतल्या प्रार्थनेसारखी गुळगुळीत होते. समज असलेला माणूस कोमल नी तसाच ठेवतो आणि त्याला शोभेल असा खर्ज शोधतो. राल्फ व्हॉन विल्यम्स यांच्या 1923 सालच्या 'इंग्लिश फोक साँग सूट'मधला मधला भाग ऐका. तोही मुळात लष्करी बँडसाठी लिहिलेला, ब्रास बँडसाठीची मांडणी नंतर झाली. 'माय बॉनी बॉय' या गाण्याची ती धून काफीच्या स्वरांत हळू चालते, आणि खालच्या वाद्यांनी तिला जराही मेजरकडे ढकललेलं नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. धून एकट्या फ्लूगलहॉर्न किंवा युफोनियमकडे दिली असेल तर तो वादक माणसासारखा श्वास घेतो आणि ओळ तिथे तुटते. ते बरोबरच आहे. पण खालची साथ तुटता कामा नये. म्हणून बाकीचे आळीपाळीनं श्वास घेतात, एक थांबतो तेव्हा शेजारचा धरून ठेवतो. चांगल्या रेकॉर्डवर या साथीत कुठेही सांधा ऐकू येत नाही. मार्चमध्ये 'च्चा' वाजवणारे हेच टेनर हॉर्न इथे पानभर नुसता एकेक स्वर धरून बसतात आणि ते वाजवायला मार्चपेक्षा अवघड असतं.

कधीकधी पाय आणि श्वास एकत्रही येतात. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन गावच्या वसंतातल्या नाचाची एक जुनी धून. तिच्यावर आधारलेलं 'द फ्लोरल डान्स' हे गाणं 1911 सालचं, आणि ब्रायहाउस अँड रॅस्ट्रिक बँडनं 1977 साली तिची रेकॉर्ड काढली, ती ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. पहिला क्रमांक अडवून बसला होता पॉल मॅकार्टनींचा विंग्ज गट, आणि त्या गाण्यात स्कॉटिश मशकबाज्या! रॉक-पॉपच्या भर जमान्यात पहिल्या दोन जागांवर असा फुंकणाऱ्यांचा जोर होता.

शेवटी यंत्राकडे. जुन्या काळी, म्हणजे 1925च्या सुमारास विजेचा माइक येईपर्यंत, वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीनं उभे राहत आणि त्यांचा आवाजच सुईला हलवत असे. व्हायोलिन त्यात पार पुसट यायचं, पितळ मात्र ठणठणीत उमटायचं, म्हणून त्या काळात बँडच्या रेकॉर्ड अमाप निघाल्या. मोठ्या ढोलाचा दणका त्या यंत्राला झेपत नसे, त्यामुळे तो गाळलेला किंवा दूर ठेवलेला असायचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. मार्चला तेवढी पुरत, पण पुनरावृत्ती बहुधा कापली जाई. जुन्या रेकॉर्डवर पहिला भाग एकदाच आला तर बँड विसरला असं समजू नका. सूझा यांनी 1906 साली या यांत्रिक संगीताविरुद्ध कडक लेख लिहिला, आणि त्यांच्याच बँडच्या नावानं रेकॉर्ड निघत राहिल्या, बऱ्याचशा दुसऱ्यांनी संचालन केलेल्या.

नव्या रेकॉर्डिंगमध्ये कान ठेवायचा तो वाद्यांच्या तोंडांवर. कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनची तोंडं समोर असतात; टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम आणि बासची छताकडे. समोरच्यांचा आवाज थेट माइकवर येतो, वर तोंड असलेल्यांचा दालनात फिरून. म्हणून माइक फार जवळ लावले तर कॉर्नेट टोचतात आणि मधला थर नाहीसा होतो. फोनच्या स्पीकरवर तर तळ असा येतच नाही. बासचे खालचे स्वर साठ हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतात, एवढासा पडदा ते हलवू शकत नाही. तरी आपल्याला बास ऐकू आल्याचा भास होतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वर मनानंच भरून काढतो. वर म्हटलेलं काहीही पडताळायचं असेल तर हेडफोन लावा.

आणि रेकॉर्डबरोबर पेटी धरून स्वर शोधायची सवय असेल तर एक धोका ध्यानात ठेवा. ब्रिटिश ब्रास बँड 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या पट्टीत वाजवत: आजच्या 440 हर्ट्झऐवजी सुमारे 452. म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं जे अंतर, त्याच्या जवळपास निम्म्यानं वर. असा चढा स्वर तबकडी जरा वेगानं फिरवली तरी येतो, आणि त्यासाठी वेग तीन टक्क्यांहूनही कमी वाढवावा लागतो. 116 पावलांचा मार्च 119चा झाला तर कानाला पत्ता लागत नाही. रेकॉर्ड 1965च्या आधीची असेल, तर वेग कमी करून ती पेटीला जुळवायच्या भानगडीत पडू नका. पेटीच बाजूला ठेवा.